चोर सोडून पंपाला फाशी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या उद्योग पुरवणीत कारखान्यातल्या पंपांच्या देखभालीवर लेख आला होता, तो आमच्याकडे मेंटेनन्सच्या सगळ्यांनी वाचला, कारण या विषयावर पेपरात सहसा कोणी काही छापतच नाही, त्याबद्दल आधी आभार. पण त्यातला मुख्य सल्ला, म्हणजे पंप सारखा बिघडत असेल तर काढा आणि एक साइझ मोठा बसवा, हा काही पटला नाही. कोणी खरंच तसं केलं तर नवा पंप जुन्याच्या आधी भंगारात जाईल, म्हणून हे लिहितोय.

पंप किती पाणी देणार हे तो एकटा ठरवत नाही हो. पंपाचा कर्व्ह (किती पाण्याला तो किती दाब देतो त्याचा आलेख) आणि लाइनचा कर्व्ह (तेवढं पाणी न्यायला पाइपात किती दाब लागतो त्याचा आलेख) जिथे एकमेकांना छेदतात तिथेच तो चालतो, मग नेमप्लेटवर काहीही लिहिलेलं असो. बेअरिंग गेलं, सील गळायला लागलं, इम्पेलर (आतलं फिरणारं पात्यांचं चाक) कुरतडला गेला की नाव पंपाचं होतं आणि शोधायला गेलं की बऱ्याचदा कारण निघतं पाइपात.

सक्शनचंच, म्हणजे पाणी आत येण्याच्या बाजूचंच घ्या. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो पण उघड्या टाकीतून पाणी पंपापर्यंत ढकलतो तो हवेचा दाब, आणि तो समुद्रसपाटीला पाण्याच्या साधारण १०.३ मीटर उंचीइतकाच असतो, त्याच्यापुढे एक इंचही नाही. त्यातून उचल (पाण्यापासून पंपापर्यंतची उंची) वजा करा, पाइप, बेंड, स्ट्रेनर आणि फूट व्हॉल्व्हमधलं घर्षण वजा करा, पाण्याचा बाष्पदाब (ज्याच्या खाली दाब गेला की पाण्याची वाफ होते) वजा करा, उरलं ते पंपाच्या वाट्याला. पाणी ८० अंशाचं गरम असेल तर नुसता बाष्पदाबच जवळपास ५ मीटर खातो! उरलेलं पंपाच्या गरजेपेक्षा कमी पडलं की इम्पेलरच्या तोंडाशी पाण्याची वाफ होते, बुडबुडे पुढे जास्त दाबात जाऊन फुटतात आणि धातू टोकरून काढतात, बाहेरून ऐकलं तर केसिंगमध्ये कोणीतरी खडी टाकलीय असं वाटतं. आता याच पाइपावर मोठा पंप बसवला तर काय होईल? पाणी दीडपट झालं तर घर्षण सव्वादोनपट, वर पंपाची स्वतःची गरजही वाढलेली, म्हणजे आजार तोच आणि डोस दुप्पट. आणि कॅटलॉगमध्ये ही गरज म्हणून जो आकडा देतात ना, तो हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला पंपाचा दाब) ३ टक्के पडल्यावर मोजलेला असतो, म्हणजे त्या आकड्याला कॅव्हिटेशन, म्हणजे हे बुडबुडे होऊन फुटणं, सुरू झालेलंच असतं, तेव्हा त्याच्या वर नीट जागा ठेवूनच डिझाइन करावं लागतं.

पाइप बारीक करून पैसे वाचवणारे तर सगळीकडे भेटतात. तेवढंच पाणी १५० मिलिमीटरऐवजी १०० च्या पाइपातून न्यायचं म्हटलं तर घर्षण साधारण साडेसातपट होतं, कारण व्यास कमी होईल तसं ते त्याच्या पाचव्या घातानं वाढतं. पाइप एकदाच घ्यायचा असतो, विजेचं बिल मात्र दर महिन्याला येतं.

दुसरी गंमत डिलिव्हरीची, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या बाजूची. डिझाइन करणारा १० टक्के जास्त धरतो, त्याचा साहेब वर १५ टक्के, खरेदीवाला असू दे म्हणून आणखी २० टक्के, सगळ्यांचा गुणाकार केला तर पंप दीडपट झालेला असतो आणि प्रत्येकाला वाटतं आपण थोडंसंच वाढवलं. मग तो पंप जास्त पाणी देतो म्हणून डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह कायम अर्धा बंद ठेवायचा, पंप कर्व्हवर आपल्या बेस्ट एफिशियन्सी पॉइंटच्या (जिथे कार्यक्षमता सगळ्यात जास्त) खूप डावीकडे, म्हणजे कमी पाण्यावर चालणार, शाफ्टवर आडवा लोड येणार आणि सील दर काही महिन्यांनी जाणार, की परत ओरड पंप खराब आहे म्हणून. अशा ठिकाणी मोठा नाही, लहान करायला पाहिजे, इम्पेलर लेथवर टर्न करून व्यास कमी करा नाहीतर ड्राइव्ह (मोटरचा स्पीड बदलणारं उपकरण) लावून स्पीड कमी करा. जिथे बहुतेक हेड घर्षणाचंच आहे तिथे स्पीड २० टक्के उतरवला तर पॉवर जवळपास निम्म्यावर येते. उंचावरच्या टाकीत पाणी चढवायचं असेल तर मात्र एवढा फायदा मिळत नाही, हे ड्राइव्ह विकणारे सांगत नाहीत.

लेखात अलाइनमेंटवर (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आणणं) एक ओळ होती, पाइप स्ट्रेनवर अक्षरही नाही, आणि माझ्या मते निम्मी दुखणी तिथेच असतात. लाइन टाकणाऱ्यानं पाइप दोन बोटं तिरका सोडला की फिटर चेन ब्लॉक लावून ओढतो, फ्लँजचे बोल्ट कसेबसे घालतो, आणि पाइपाचा सगळा ताण पंपाच्या केसिंगवर येऊन बसतो. बघायचं असेल तर कपलिंगवर डायल गेज लावा आणि फ्लँजचे बोल्ट एकेक करून सैल करा, काटा ०.०५ मिलिमीटरच्या पुढे हलला तर पाइप पंपाला ओढतोय समजा. मग लेझर लावून कितीही झकास अलाइनमेंट करा, काही उपयोग नाही, आधी पाइपाला सपोर्ट द्या, मग बाकीचं.

सक्शनला हवा घेत असेल तर तेही लवकर सापडत नाही, कारण उचल असली की तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, पाणी गळत नाही, उलट हवा आत जाते आणि जॉइंट वरून कोरडा ठणठणीत दिसतो. पंप चालू असताना जॉइंटवर दाढीचा फेस लावा, जिथे फेस आत ओढला जाईल तिथली गॅस्केट बदला. आडव्या सक्शनला रिड्युसर (पाइपाचा व्यास कमी करणारा तुकडा) एक्सेंट्रिक, म्हणजे एक बाजू सपाट असलेला हवा आणि त्याची सपाट बाजू वर, नाहीतर वरच्या कोपऱ्यात हवा अडकून बसते.

स्टँडबाय पंप तयार ठेवा आणि निश्चिंत राहा, असंही लेखात आहे. निश्चिंत कसलं? ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर चालू पंप बंद पडला म्हणून दुसरा सुरू करायला गेले, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसा काढून तिथे नुसता ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद करणारी चकती) लावलेला होता आणि रात्रपाळीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तिथून गळती होऊन स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. स्टँडबाय पंपाच्या स्टार्टरवर टॅग आहे का, लाइनवर काय काय उघडलेलं आहे, हे पाळी बदलताना तोंडी आणि लेखी दोन्ही सांगायला पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी असा लेख छापलात तर पंप बदला म्हणायच्या आधी एवढं जरूर छापा, की सक्शनला आणि डिलिव्हरीला एकेक चालू असलेला गेज लावा, दोन्हीवरून हेड काढा, अँपिअर बघा आणि पंपाच्या कर्व्हवर बिंदू टाका. अर्ध्या तासाचं काम आहे. बऱ्याच ठिकाणी गेजच नसतात, असले तर काटा शून्याला चिकटलेला असतो, आणि तरी नव्या पंपाची ऑर्डर गेलेली असते.

आपला,
एक वाचक (मेंटेनन्स विभाग)

ता.क. ग्लँडमधून (शाफ्ट केसिंगबाहेर येतो तिथल्या पॅकिंगच्या जागेतून) थेंबही पडता कामा नये असं चौकटीत छापलंय, ते पाण्याच्या पंपाला लागू नाही. दोरीचं पॅकिंग असलेल्या ग्लँडमधून मिनिटाला साधारण ४० ते ६० थेंब पडायलाच हवेत, त्यावरच पॅकिंग थंड राहतं. ग्लँड आवळून थेंब बंद केले तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टच्या स्लीव्हला खाच पडते. थेंब नकोच असतील तर मेकॅनिकल सील बसवा.