रंग न काढता बंपर वितळवू नका

संपादक महोदय,

चाकण-भोसरी पट्ट्यात मोटारींचे फुटके बंपर आणि पेंटशॉपमधले रिजेक्ट बंपर बऱ्याचदा दळून रंगासकट तसेच वितळवले जातात. निघणारा काळा दाणा कुंड्या-बादल्यांच्या लायकीचा उरतो. मूळ माल उत्तम असतो, नुकसान होते ते वरच्या रंगामुळे.

बंपर पॉलिप्रॉपिलीन (पीपी) या प्लास्टिकचा असतो, १६५ अंशांच्या आसपास वितळतो. वरचा टू-के (दोन घटक मिसळून लावलेला) पॉलियुरेथेन क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, एकदा पक्का झाला की पुन्हा वितळत नाही. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवून दाणा काढणाऱ्या यंत्रात, त्याचे कण तसेच राहतात, जाळी तुंबवतात. जे निसटतात ते मोल्डिंगमध्ये ठिपके होऊन बसतात आणि मार बसला की चीर तिथूनच सुरू होते. बारीक जाळी लावून हे पूर्ण सुटत नाही, कारण दाबाखाली कण तुटून पार जातात.

रंग काढायचा तो दळल्यानंतर आणि एक्स्ट्रूडरच्या आधी. प्रथम आतल्या बाजूची खूण वाचावी. 'पीपी+ईपीडीएम-टीडी२०' म्हणजे ईपीडीएम रबर मिसळलेला आणि २० टक्के टाल्क (शंखजिरे) पावडर असलेला पीपी. क्लिपा, फोम, स्टिकर, दिवे काढावेत. क्रोमची जाळी बहुधा एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची असते, ती वेगळी ठेवावी. मग ८ ते १० मिलिमीटरचे तुकडे करून ५ ते १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ८० ते ९० अंशांवर ढवळावेत. नुसते कॉस्टिक क्लिअरकोटला पुरत नाही. थोडे बेंझिल अल्कोहोल आणि वेटिंग एजंट (द्रावण नीट पसरवणारे रसायन) घातल्यास थर फुगतो आणि सुटू लागतो. उरलेला रंग फ्रिक्शन वॉशरमध्ये (तुकडे वेगाने घासून धुणारे यंत्र) घासून निघतो. शेवटी धुवण्याच्या पाण्याचा पीएच ७-८ वर येईपर्यंत खळबळून माल सुकवावा.

दोन चुका महाग पडतात. पॉलिकार्बोनेटच्या हेडलॅम्प काचा या टाकीत गेल्या तर गरम अल्कली ते प्लास्टिकच तोडते. आणि टाल्कवाला पीपी पाण्यात तरंगेल असे धरून चालणे. त्याची घनता १.०४ च्या आसपास, एबीएसची १.०५, पाण्याची १. दोन्ही एकत्र बुडतात, म्हणून वर्गवारी दळण्याआधी हातानेच व्हायला हवी.

मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमची पूड असते. कॉस्टिकमध्ये तिच्यापासून हायड्रोजन निघतो. टाकीवर झाकण घट्ट लावू नये, एक्झॉस्ट हवा, जवळ ठिणगी नको. द्रावण करताना पाण्यात कॉस्टिक घालावे, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतू नये. डोळ्यांवर गॉगल हवाच. साचलेला रंगाचा गाळ नाल्यात किंवा ओढ्यात न सोडता घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडेच पाठवावा. लहान कारखान्यांना हा वाहतूक खर्च जड जातो, त्यामुळे औद्योगिक वसाहतीतून सामायिक गाडी सुरू व्हावी.

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या आयुर्मान संपलेल्या वाहनांच्या नियमांत उत्पादकांची पुनर्प्रक्रियेची जबाबदारी पोलादावर मोजली जाते, प्लास्टिकला तसे लक्ष्य नाही. ते ठरेपर्यंत वाहन कंपन्यांनी एवढे तरी करावे: पेंटशॉपचा रिजेक्ट माल प्रकारानुसार वेगळा विकावा, आणि दाण्याच्या खरेदीत तपासणीची अट घालावी. मूठभर दाणा तापवून, दाबून पातळ पत्रा करायचा आणि उजेडासमोर धरून रंगाचे ठिपके मोजायचे. किती ठिपके चालतील तो आकडा ऑर्डरमध्येच लिहावा.

— प्लास्टिक पुनर्प्रक्रिया करणारे काही लघुउद्योजक, पुणे