इमॅजिका सहल: राइडमध्ये बसण्यापूर्वी

सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी खोपोलीला जायचे आहे. तिकिटाचे पैसे वसूल करायची आपली सवय ठाऊक आहे, तरी प्रत्येक राइडमध्ये बसलेच पाहिजे असे नाही.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मान-पाठीचे जुने दुखणे किंवा नुकतेच ऑपरेशन झालेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी नायट्रोसारख्या रोलर कोस्टरपासून लांबच राहावे.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच जपा. मानेला जोराचा हिसका बसून मेंदूभोवतीची बारीक शीर फाटू शकते. असे क्वचितच घडते, पण रक्त हळूहळू साचते आणि त्रास काही दिवसांनीही सुरू होतो. त्यामुळे नंतर डोकेदुखी वाढत गेली किंवा उलट्या होऊ लागल्या, तर पित्त समजून अंगावर काढू नका. लगेच डॉक्टरांकडे जा आणि राइडचे आवर्जून सांगा.

धडधाकटांनीही गाफील राहू नये. जपानच्या फुजी-क्यू पार्कमधली दोदोनपा राइड दीड-पावणेदोन सेकंदांत ताशी 180 किमी वेग घ्यायची. हाडे मोडल्याच्या तक्रारींनंतर ती ऑगस्ट 2021 मध्ये थांबवली आणि पुढे कायमची बंद केली.

डोके सीटला टेकवून ताठ बसा, व्हिडिओसाठी वाकू नका. भरपेट जेवून लगेच बसू नका, पाणी मात्र पीत राहा. उंचीच्या अटीसाठी मुलांना टाचा उंचावून उभे करू नये.

शंका असल्यास शनिवारपूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा.

– सहल समिती