तिकीट पाकिटावरच राहू द्या

महोदय,

रविवारच्या पुरवणीत जुन्या टपाल तिकिटांच्या संग्रहावर आलेला लेख नवोदितांना हुरूप देणारा असला, तरी पाकिटावरचे तिकीट कोमट पाण्यात भिजवून सोडवण्याचा त्यातील सल्ला शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या टपालाला सरसकट लावणे घातक आहे. शिक्क्याचा अर्धा भाग तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर उमटलेला असतो. पत्र कुठून व केव्हा निघाले, हे दोन्ही अर्धे एकत्र असले तरच नीट वाचता येते. शिवाय काही जुन्या शाया पाण्यात उतरतात. बार्टल फ्रिअर (पुढे मुंबईचे गव्हर्नर) यांच्या पुढाकाराने १८५२ मध्ये निघालेल्या ‘सिंध डाक’चे अर्ध्या आण्याचे लाल तिकीट तर लाखेचे, इतके ठिसूळ की हाताळताना तडकत असे, म्हणूनच मूळ पाकिटावर अखंड राहिलेल्या नगाला जाणकार फार मानतात.

माझ्या संग्रहातील एका पाकिटावरचे तिकीट अगदी सामान्य आहे, पण पाठीवर साताऱ्याचा पोचशिक्का आहे, तारखेसकट. ते तिकीट सोडवले असते, तर त्या पत्राचा प्रवासच पुसला गेला असता. घरातल्या जुन्या ट्रंकेत अशी पाकिटे सापडली, तर कृपया ती आधी जाणकाराला दाखवावीत.

– एक टपाल संग्राहक, पुणे