ज्येष्ठांना शाल-श्रीफळापेक्षा काम द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

1 ऑक्टोबरच्या जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त आता गावोगाव सत्कार होतील. त्या दिवशी पुढच्या रांगेत बसवलेल्या माणसांना वर्षभर कोणी काही विचारत नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण 11 टक्क्यांहून अधिक होते, देशात केरळच्या खालोखाल. त्यांच्यासाठी गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मानधन आहे आणि त्याचा मोठाच आधार आहे. पण जागतिक आरोग्य संघटना जीवनमान मोजताना शरीर, मन आणि परिसर यांच्या बरोबरीने माणसांचे आपसातील संबंधही मोजते. ही बाजू मानधनाने भरून येत नाही.

आमच्या वाड्यावरील एक आजोबा पत्नीच्या निधनानंतर घराबाहेर पडेनासे झाले होते. यंदा चवथीला माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळा-पानांच्या सजावटीचे, सामान आणायला मुलांनी त्यांना डोंगरावर नेले. कवंडळ कोणते, कांगलाचे घोस कुठे मिळतात, केवणीची साल सोलून दोर कसा काढायचा, सगळे त्यांना पाठ. ‘हे खायचं नाही रे, नुसतं बांधायचं!’ असे ते एकाला ओरडले, तेव्हा त्यांचा जुना आवाज आम्ही किती दिवसांनी ऐकला. आता संध्याकाळी ते वाचनालयात पुस्तकांना कव्हरे घालायला येतात. एक दिवस आले नाहीत, तर मुले घरी जाऊन चौकशी करतात.

जे मुळात धडधाकट असतात तेच समाजकार्याला बाहेर पडतात, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. पण पर्वरीच्या ‘संगात’ संस्थेने गोव्यातच, आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्यग्रस्तांवर एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. मरगळलेल्या माणसाला पुन्हा कामांत आणि माणसांत आणणे, हा त्या उपचाराचा गाभा. रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

मात्र ज्येष्ठ म्हणजे फुकटचे मनुष्यबळ नव्हे. विशेषतः घरी नातवंडे आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या आजींवर आणखी ओझे टाकू नये. त्यांना आवडेल तेच काम द्यावे, आणि तेवढा वेळ घरच्यांनी त्यांना मोकळे करावे.

देवस्थान समित्या, नाट्यमंडळे आणि मराठी शाळांना माझी विनंती आहे. भजनी सप्ताहाची, जत्रेतील नाटकाची किंवा वाचन तासाची आखणी करतानाच ज्येष्ठांना बोलवा. नाटकाचे प्रॉम्प्टिंग, हार-फुले, मुलांना गोष्टी, हिशेबाची वही, कितीतरी कामे आहेत. आणि बैठक रात्री साडेआठला न ठेवता दुपारी चारला ठेवा. रात्री साडेआठनंतर आमच्याकडे बस नसते, म्हणून कितीतरी जण इच्छा असूनही येत नाहीत. उशीर झालाच, तर दुचाकीवरून घरी कोण सोडणार, हे आधीच ठरवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा तालुका