मेणबत्त्या शिकवल्या, अक्षरं का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या भावाला बौद्धिक अक्षमता आहे. आज तो बेचाळीस वर्षांचा आहे आणि वाचायला लागला तो छत्तिसाव्या वर्षी. लहानपणी बुद्ध्यांक ५० च्या खाली निघाला म्हणून शाळेनं त्याला 'शिक्षणक्षम' नव्हे, 'प्रशिक्षणक्षम' गटात टाकलं. मेणबत्त्या शिकवल्या, पाकिटं शिकवली. अक्षरं मात्र झेपणार नाहीत असं ठरवूनच टाकलं. आम्हीही माना डोलावल्या.

वास्तविक १९६७ सालीच डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांतल्या फरकामुळे जन्मापासून असणारी, बौद्धिक अक्षमता आणणारी स्थिती) असलेल्या नायजेल हंट या इंग्रज तरुणाचं आत्मचरित्र छापून आलं होतं, त्यानं स्वतः टाइप केलेलं. वाचायला त्याला आईनं शिकवलं होतं. डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं लक्षात ठेवणं जड जातं, पाहिलेलं त्या मानानं टिकतं. म्हणून बोलणं पुरतं आलेलं नसतानाही वाचन सुरू करता येतं. उलट छापील शब्दाचा बोलण्यालाच आधार होतो.

आम्ही बाराखडीपासून सुरुवात केली आणि महिनाभरात दोघंही रडकुंडीला आलो. मग अख्ख्या शब्दांची कार्डं केली, आधी घरातल्यांच्या नावांची. सारखं कार्ड शोधून जोडी लावायची, मग मी म्हणेन ते उचलायचं, शेवटी आपलं आपण वाचायचं. बाराखडी आली ती पुष्कळ नंतर. वेलांट्या अजून चुकतात. (माझ्याही चुकतात.)

दारावरचं 'ढकला' आणि 'ओढा' वाचता येऊ लागलं तेव्हा वाटलं, चला, कामापुरतं झालं. मग एके दिवशी सामानाच्या यादीत तळाशी त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एक शब्द दिसला: ब्लेड. त्याची दाढी इतकी वर्षं मीच करत होतो. स्वतः करायची आहे हे तो कधी बोलला नव्हता, की बोलला होता आणि मी ऐकलं नव्हतं, कोण जाणे.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराचं २४ वं कलम आयुष्यभराच्या शिक्षणाची भाषा करतं. प्रत्यक्षात शाळा संपली की मेणबत्त्या-पाकिटांची कार्यशाळा, आणि पाटी कायमची माळ्यावर. कार्यशाळेत रोज अर्धा तास वाचनाला द्यावा. आणि कृपा करून मिशा फुटलेल्या माणसाच्या हातात ससा-कासवाचं पुस्तक देऊ नये.

भाऊ हल्ली आपला पेपर खेळांच्या पानावर उघडतो. मथळे वाचतो, खालचा मजकूर सोडून देतो. रोज एखादी बातमी छोट्या वाक्यांत, मोठ्या टायपात छापता येते का, पाहावे.

आपला,
एक वाचक