निर्बंध लादणे सोपे, उठवणे कठीण

महोदय,

इराणवर आणखी कडक निर्बंध लादले की अणुबॉम्बचा प्रश्न मिटेल, असा सूर अधूनमधून ऐकू येतो. मला तो पटत नाही. उत्तर कोरियाने २००६ साली पहिली अणुचाचणी केली, सुरक्षा परिषदेने लगेच निर्बंध घातले आणि २०१७पर्यंत त्या देशाने आणखी पाच चाचण्या उरकल्या. पोखरणनंतर आपल्यावरही निर्बंध आले होतेच. २००१मध्ये अमेरिकेने ते गुंडाळले, आपले बॉम्ब आहेत तिथेच आहेत.

निर्बंध उठतील याची खात्री असली तरच समोरचा वाटाघाटींना बसतो. अमेरिकेसह बड्या देशांशी झालेल्या २०१५च्या अणुकरारात इराणने युरेनियमचे समृद्धीकरण (त्यातल्या इंधनयोग्य युरेनियम-२३५चे प्रमाण वाढवणे) ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोवर रोखायचे कबूल केले, निरीक्षकांना दारे उघडली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अटी पाळल्या जात असल्याचे सांगत असतानाच २०१८मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली. २०२१मध्ये इराण ६० टक्क्यांवर पोचला. बॉम्बला साधारण ९० टक्के लागते, पण बहुतेक मेहनत ६० टक्क्यांपर्यंतच संपलेली असते, हे फारसे कुणी सांगत नाही.

आमच्या गोव्यातल्या सासष्टी-मुरगावातले कितीतरी तारवटी (खलाशी) तेलवाहू जहाजांवर आहेत. इराणलगतच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत काही खुट्ट झाले की घरून फोन जातो, ‘बोट खंय पावली?’ दिल्लीने २०१९मध्ये इराणी तेल मुकाट्याने बंद केले. आता निदान वाटाघाटींसाठी तरी तिने जोर लावावा.

— एक वाचक, मडगाव