भूकंपाच्या वर्षाचं बाइंड जपणाऱ्यांना

आदरणीय ग्रंथपाल सर, देवघेवीच्या टेबलावरच्या ताई आणि मामा,

तुम्हा तिघांना सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या प्लॉटचं भांडण मिटलं. सह्या झाल्या त्या दिवशी आईनं पेढे आणायला लावले आणि म्हणाली, "पहिला पुडा वाचनालयात देऊन ये." पेढे तुम्ही घेतलेत. पण मी आभार मानायला लागले तसं सर, तुम्ही "आमचं कामच हाय ते" म्हणून विषय बदललात. मलाही समोरासमोर नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुमचं ते 'काम' म्हणजे काय, हे गंगाखेडात जन्म काढूनही मला ठाऊक नव्हतं. माझ्यासारखे आणखी पुष्कळ असतील.

वडिलांनी तो प्लॉट 1993 साली घेतला. एसटीत कंडक्टर होते, पैशाला पैसा जोडून घेतला. खरेदीखताची नक्कल आमच्याकडं होती. पण गेल्या वर्षी विकणाऱ्याच्या घरातली पुढची पिढी उठली आणि म्हणाली, आमच्या आजोबांनी बाकीच्या वारसांना अंधारात ठेवून व्यवहार केला. वडील आता नाहीत. आईला एवढंच आठवत होतं, की वकिलानं तेव्हा पेपरात जाहीर नोटीस दिली होती आणि मुदतीत कुणीही हरकत घेतली नव्हती. कोणत्या पेपरात, ते आठवेना. कधी? "भूकंपाच्या मागून. दिवाळीच्या आत. तव्हा लोक अजून अंगणात निजायचे." नोटिशीचं कात्रण लाकडी पेटीत होतं, पेटी वाळवीनं खाल्ली. एका पेपरच्या कचेरीत चौकशी केली तर इतके जुने अंक ठेवत नाही म्हणाले. नोटीस सापडली तर बोलायला जागा होईल, असं वकिलांचं म्हणणं.

तुमच्याकडं आले तेव्हा मी सभासदसुद्धा नव्हते. रात्रीचे आठ वाजायला आले होते. ताई रजिस्टर मिटत होत्या, मामांनी अर्ध्या खिडक्या लावल्या होत्या. ताई, तुम्ही मान वर केलीत आणि विचारलंत, "काय हुडकायलात?" उद्या या, साहेबांना विचारा, सभासद आहात का, असलं काहीच नाही. मी सांगितलं, आणि मामा कुलपाची किल्ली परत खुंटीला लावून आतल्या खोलीत गेले.

चार संध्याकाळी आपण बाइंड चाळले, म्हणजे जुन्या पेपरांचे बांधून ठेवलेले जाड गठ्ठे. त्या वर्षीची दोन दैनिकं, ऑक्टोबरपासून दिवाळीपर्यंत. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीत जमीन हलली, तेव्हा मी लहान होते. मला आठवतात ती फडताळावरून पडलेली भांडी. त्या ऑक्टोबरातलं पेपराचं एकेक पान उलटताना मात्र हात चालेना. फोटो, नावं, मदतीची आवाहनं, पत्र्याची शेडं. मी नोटीस शोधायला आले होते आणि बातम्याच वाचत बसले. सर, तुम्ही घाई केली नाहीत. "सावकाश उलटा, कागद ठिसूळ झालाय," एवढंच म्हणालात.

सापडली ती मामांना. चौथ्या दिवशी, आतल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, विहिरीच्या मोटारीच्या जाहिरातीशेजारी. गट नंबर, चतुःसीमा, पंधरा दिवसांची मुदत, वडिलांचं नाव. मामा मोठ्यानं वाचत गेले आणि मला रडू आलं.

आता जे खरं सांगायचं आहे ते. त्या पानावर तेलाचा डाग होता आणि अंकाला आठ घड्या पडलेल्या होत्या. बाकीचे अंक सपाट, फक्त हाच असा. मी विचारलं, तर मामा म्हणाले, हा अंक आपल्याकडचा नाही. आपला कुणीतरी टेबलावरून उचलून नेला असणार. महिनाअखेरीला तारखा लावताना एक अंक कमी भरला, तेव्हा मामांनी हा भज्याच्या हॉटेलातून मागून आणला. "मी तव्हा नवाच लागलो होतो. जुने ग्रंथपाल म्हणले, बाइंडात खड्डा नको." तो खड्डा राहिला असता तर त्यात आमचा प्लॉट गेला असता.

महिनाअखेरीला अंक मोजायचे, कमी असेल तो एजंटाकडं, सलूनमध्ये, हॉटेलात जाऊन आणायचा, सुतळीनं बांधायचे, वर्ष भरलं की बाइंडिंगला द्यायचे. हे त्या पिढीनं केलं आणि तुम्ही आजही करता. बहुतेक ठिकाणी पेपर रद्दीत जातो, त्यात चूक काही नाही, रद्दीचे चार पैसे लहान वाचनालयाला लागतातच. तुम्ही दोन दैनिकांच्या बाबतीत ते पैसे सोडता.

त्या चार संध्याकाळी मी मान वर करून इकडंतिकडं पाहिलं तेही लिहिते. ताई परत आलेलं प्रत्येक पुस्तक पानोपान चाळून घेतात. एकात हळदीचं बोट, एकात बसचं तिकीट, एकाचा पुट्ठाच सुटलेला. तो सुटलेला पुट्ठा मामा खळीनं चिकटवतात, खळीत चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे कीड लागत नाही. नवं पुस्तक आलं की दाखल रजिस्टरात नंबर, मग शिक्के, मग पाठीवर चिठ्ठी. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून आलेली पुस्तकं वेगळ्या शिक्क्याची. तळच्या कप्प्यात निजामाच्या काळातली उर्दू पुस्तकं आहेत. ती वाचायला आता एकच आजोबा येतात, पण फडकं त्यांच्यावरूनही फिरतं. अभ्यासिकेतल्या मुलांचा पंखा बंद पडला तर स्टुलावर चढणारे ग्रंथपालच.

आणि पगार? तुम्ही कधी बोलला नाहीत, मीच विचारलं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयाला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो, त्या वर्गावर अनुदान ठरतं, ते वर्षाला दोन हप्त्यांत येतं, आणि हप्ता लांबला की तुमचा पगार लांबतो. कुलूप मात्र रोज वेळेवर उघडतं. हे मला टोचतं. गावात सभामंडपाला वर्गणी मिळते, मिरवणुकीला मिळते. वाचनालयाची वर्गणी भरताना माणसं घासाघीस करतात. मीही इतकी वर्षं भरली नव्हतीच.

नोटिशीची प्रत सरांनी मूळ अंकावरून काढून दिली, शिक्का मारून, सही करून. वकिलांनी ती समोरच्यांपुढं ठेवली. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी दोनदा वाचली, आणि तिथून बोलणं निवळत गेलं. आमच्यात वैर राहिलं नाही, याचंही श्रेय मी त्या कागदालाच देते.

येत्या 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, तुम्ही ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालाल. त्या दिवशी आईला घेऊन येणार आहे. तिला ते पान बघायचं आहे. जिना तिला चढवत नाही, तर तेवढं बाइंड खाली काढून ठेवता आलं तर बरं होईल.

माझं शिवणाचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत आहे. 1993 च्या दोन्ही बाइंडांना मांजरपाटाच्या गवसण्या शिवून झाल्यात, तोंडाला नाडी घातली आहे, म्हणजे धूळ जाणार नाही. मापं मामांनी दिली होती. बाकीच्या वर्षांची मापंही काढून ठेवा, मामा. कापड मी आणून ठेवलं आहे.

आपली,
सभासद क्र. 612
गंगाखेड